बांधावरची मोहोळं : काही टिपणं

उसाचा फड तोडायला टोळी येते, तेव्हा मालक मुकादमाला पाण्याची जागा दाखवतो, ट्रॅक्टर कुठून घालायचा ते सांगतो, शेजाऱ्याची हद्द दाखवतो. बांधावरच्या आंब्याला आग्यामोहोळ लागलंय, एवढं सांगायचं मात्र राहून जातं. बीडहून आलेल्या माणसांना ते कळणार कसं? वाळवा-कराड पट्ट्यात हंगामात कुठल्याही फडावर जा, बाईनं पोराची झोळी बांधावरच्या सगळ्यांत डेरेदार झाडाला बांधलेली दिसेल. आग्या माशीलाही असंच उंच, जाड फांद्यांचं झाड लागतं. दोघींची निवड एकच, आणि खाली पोर निजलेलं. सांगायचं काम मालकाचंच आहे, कारण ते झाड त्याच्या रोजच्या नजरेतलं असतं.

*

काठी लावण्याआधी घर कुणाचं ते ओळखावं.

झुडपात, डाळिंबाच्या फांदीवर तळहाताएवढं एकच पोळं असेल तर ती फुलोरी. तिच्या वाटेला जाऊ नये, तीही येत नाही. भिंतीच्या भगदाडात, झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या पेवात एकाखाली एक नाही, तर शेजारी शेजारी पोळी असतील तर ती सातेरी. तिला पेटीत भरता येतं. भिंतीवर, दाराच्या चौकटीत मातीचं घरटं करणारी कुंभारीण एकटी असते, तिच्यामागं फौज नसते. तिचं घर फोडण्यात काही हशील नाही.

सांभाळायचं दोघींना. उघड्यावर लोंबणारं, हात-दीड हात रुंदीचं एकच पोळं करणारी आग्या. आणि कागदी घर बांधणारी गांधीलमाशी.

*

गांधीलमाशीची आवडती जागा म्हणजे विहिरीवरची स्टार्टरची पेटी. कोरडी, उबदार, आणि पत्र्याला भोक असतंच. रात्रपाळीच्या विजेला मोटर चालू करायला गेलेला माणूस अंधारात झाकण उघडतो. एका हाताशी वीज, दुसऱ्या हाताशी गांधील.

एकदा दुपारी झाकण फटीएवढं करून आत पाहिलं होतं. पेटीच्या छताला एका देठावर टांगलेलं, खालून उघड्या घरांचं राखाडी पोळं, सुकलेल्या कमळाच्या बोंडासारखं. त्यावर दहा-बारा माश्या. झाकण हललं तशा सगळ्यांची तोंडं एकदम माझ्याकडं वळली आणि पंख अंगापासून उचलले गेले. उडाली एकही नाही. पंख असे उभे राहिले की तो इशारा असतो. त्या वेळी हात न झटकता सावकाश मागं सरलं तर बहुतेकदा काही होत नाही.

पेटीतलं पोळं काढायचं तर आधी मेन बंद, मगच पुढचं. वेळ काळोख पडल्यानंतरची, कारण तेव्हा सगळ्या घरी असतात आणि अंधारात धड उडत नाहीत. बॅटरीला लाल कागद लावावा. मधमाशीला लाल रंग दिसत नाही, गांधीललाही तो जवळपास दिसत नाही. पांढऱ्या उजेडावर मात्र दोघीही झेप घेतात. आणि सगळ्यांत सोपं म्हणजे पेटीचं भोक आधीच बुजवणं. घर नुकतं सुरू झालेलं असताना दोन-तीनच माश्या असतात, तेव्हा लांब काठीनं पाडलं तर काम मिटतं. द्राक्षाच्या मांडवात विरळणीला बायका शिरण्याआधी एकानं अँगल आणि तारा बघत पुढं जावं, ते याचसाठी.

*

मात्र मांडवाच्या कडेला, माणसाच्या वाटेपासून दूर असलेलं गांधीलचं घर मी राहू देतो. ती आपल्या पिल्लांना अळ्या भरवते. 2018 साली अमेरिकन लष्करी अळी महाराष्ट्रात आली, सांगली जिल्ह्यात मक्यासोबत उसावरही दिसली. तेव्हापासून मक्याच्या पोंग्यातून अळी ओढून काढणारी गांधील पाहिली की ती आपल्या कामावरची वाटते. द्राक्ष पिकल्यावर ती मणी कुरतडते हेही खरं. पण वर्षभराचा हिशेब मांडला तर मी तिच्या बाजूनं बोलेन.

*

आग्यामोहोळ उठतं ते बहुधा आपल्यामुळं. झाडाखाली चूल, नदीकाठच्या वडाखाली दशक्रियेचा धूर, वरातीचा डीजे, फटाके, पोरांचा दगड. कधी मधुबाज पोळ्यावर झडप घालतो आणि राग खालच्या माणसांवर निघतो.

थोडं लांब उभं राहून पोळ्याकडं बघत राहावं. मोठी गांधील जवळ आली की माश्या एकीमागून एक पोट उचलतात आणि पोळ्याच्या अंगावरून काळी लाट सरसरत जाते. डोळ्याला ते फार देखणं दिसतं. अशा लाटा सारख्या उठायला लागल्या की मी माणसांना त्या बाजूच्या सरीतून काढून दुसरीकडं लावतो. त्यात अर्ध्या दिवसाचं काम मागं-पुढं होतं, एवढंच.

पहिली माशी डसली की तिथं वास सुटतो, पिकल्या केळ्यासारखा. आयसोअमाइल असिटेट हा त्यातला मुख्य पदार्थ. बाकीच्यांना तो वास म्हणजे हाक. म्हणून डसलेल्या जागी उभं राहून माशा मारत बसणं सगळ्यांत वाईट. तोंड झाकून सरळ पळावं, घरात, बंद गाडीत शिरावं. काही नसेल तर घोंगडं, ताडपत्री अंगावर ओढून निपचित पडावं. विहिरीत उडी कधीच टाकू नये. माश्या वर घोंगावत राहतात आणि माणूस डोकं बाहेर काढायला घाबरतो.

*

गाडीला जुंपलेला बैल पळू शकत नाही. मोहोळ उठल्यावर जनावरं जातात ती बांधलेली असतात म्हणून. मध काढणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मला बजावलं होतं, "मालक, फडात गाडी उभी केली तर कोयता जवळ ठेवा. दावं सोडत बसू नका, कापा. दाव्याला पैसं किती आन् बैलाला किती?"

*

पेट्रोलचा बोळा काठीला लावून पोळं जाळणं अजून चालतं. वाळलेल्या पाचटाच्या शेजारी हे करायचं म्हणजे सगळा ऊस पणाला लावायचा. ठिबकच्या नळ्या जातात, जळक्या उसाच्या बिलातून कपात होते, शेजाऱ्याचा फड पेटला तर भांडण पिढ्यान्‌पिढ्या. शिवाय हजारो माश्या फुकट मरतात, ज्यांच्यावर आटपाडीची डाळिंबं आणि जतची सूर्यफुलं फळतात. आग्या ही मुळात फिरस्ती माशी. फुलोरा संपला की पोळं सोडून जाते. वाटेवर नसेल तर तिला जाऊ द्यावं. घरावर, शाळेवर, पाण्याच्या टाकीखाली असेल तर न जाळता काढणाऱ्या जाणत्या माणसाला बोलवावं.

अशी जाणती माणसं सातारा जिल्ह्यात आहेत. महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, तिथं मधपाळ तयार होतात. जवळचं मांघर मे 2022 मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथल्या घरांच्या अंगणात सातेरीच्या पेट्या असतात आणि माणसं त्यांच्याच शेजारी उठतात-बसतात.

*

मधमाशीची नांगी काटेरी असते, अंगात राहते आणि विष सोडत राहते. नखानं, कोयत्याच्या पाठीनं, कशानंही, पण लगेच खरवडून काढावी. गांधीलची नांगी राहत नाही, ती पुन्हा पुन्हा मारते. चुना, लोखंड, कांदा यांत वेळ घालवू नये. साबणानं धुऊन बर्फ लावावा. हाताला डसलं असेल तर सूज यायच्या आत अंगठी आणि बांगड्या काढाव्यात, नंतर त्या कापाव्या लागतात.

ओठ-जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, धाप लागली, चक्कर आली तर एकच माशी डसलेली असली तरी तो जिवावरचा प्रसंग. तिथं मांडीत दिलेलं अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन जीव वाचवतं. आणि पुष्कळ माश्या डसल्या असतील तर माणूस चालता-बोलता असला तरी दवाखान्यात ठेवावा. मूत्रपिंडावरचा परिणाम मागाहून दिसतो. लघवी लालसर-काळी झाली तर ती खूण.

*

कारखान्यांनी ऊसतोड टोळीला कोयता-पट्ट्याबरोबर गाडीमागं दोन जाळीच्या टोप्या आणि एक ताडपत्री द्यायला हवी. फार खर्चाचं काम नाही.

तोवर आपण दोन गोष्टी करू शकतो. टोळी यायच्या आदल्या दिवशी चारी बांधांवरून मान वर करून एक फेरी मारा, आणि मोहोळाचं झाड मुकादमाला व झोळी बांधणाऱ्या बाईला स्वतः नेऊन दाखवा. मग गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा, अ‍ॅड्रेनालिन शिल्लक आहे का, आणि रात्री ते द्यायला कोण असतं.