पुरे म्हणणारं यंत्र

पंगतीत जेवणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. वाढप्यानं जिलबी पुढे केली की पानावर आडवा हात धरणारे, आणि हात धरूनही बोटं फाकवून ठेवणारे. माझा भाचा दुसऱ्या पंथातला.

हा भाचा मेलबर्नला असतो. त्याच्याकडे २००१ सालची निसान २००एसएक्स आहे. दोन लिटरचं इंजिन आणि त्यावर टर्बो. मध्यंतरी त्यानं फोनवर विचारलं, "मामा, इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलर घ्यायचाय. तीन पाहून ठेवलेत. कुठला घेऊ?"

यंत्रांच्या बाबतीत माझी झेप प्रेशर कुकरच्या शिट्टीपर्यंत. तरी मला विचारायचं कारण उघड होतं. ताईनं, म्हणजे त्याच्या आईनं, "काही नको" म्हटलं की मध्ये पडायला मामा लागतो. पण मध्ये पडायचं तर कुठे पडतोय ते ठाऊक हवं, म्हणून मी आठवडाभर अभ्यास केला.

टर्बो ही मुळात काटकसरीची कल्पना. इंजिनातून बाहेर पडणारा धूर जाता जाता एक पंखा फिरवतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. या कल्पनेचं पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली घेतलं. शिळ्या पोळीचा कुस्करा करणारी बुद्धी केवळ आपल्याकडेच आहे, हा गर्व तेव्हाच उतरायला हवा होता.

आता हवा जास्त, पेट्रोल जास्त, म्हणून धूर जास्त. धूर जास्त म्हणून पंखा आणखी जोरात! या आग्रहाला अंत नाही. म्हणून वेस्टगेट नावाचं एक मागलं दार ठेवलेलं असतं. स्प्रिंगनं मिटलेलं. कोंबलेल्या हवेचा दाब नळीवाटे त्या दाराला कळतो, ठरावीक दाब झाला की दार उघडतं आणि जास्तीचा धूर पंख्याला वळसा घालून निघून जातो.

बूस्ट कंट्रोलर बसतो नेमका त्या नळीवर. तो काय करतो? दाराशी खोटं बोलतो! आत बारा पौंड दाब असला तरी "छे, सहाच आहे," असं सांगतो. साहेब आत असताना "साहेब दौऱ्यावर आहेत" म्हणणारा कारकूनच तो. दार बिचारं मिटून राहतं आणि गाडी पळते. साधा, स्क्रू पिळायचा कंट्रोलर कायम एकच खोटं सांगतो. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर वेळ पाहून सांगतो. दाब हव्या त्या आकड्याजवळ येईपर्यंत तो दार घट्ट मिटून ठेवतो, त्यामुळे टर्बो लवकर जागा होतो. मग बेतानं दार सोडतो, म्हणजे दाब एकदम उसळत नाही. एक मात्र त्याला जमत नाही. स्प्रिंग सात पौंडांची असेल, तर कितीही महागडा कंट्रोलर आणा, पाच पौंड मिळणार नाहीत.

खरी भीती पुढेच आहे. या कारकुनाला फक्त दाब कळतो. पेट्रोल पुरतंय का, आत ठोके बसताहेत का, याचा त्याला पत्ता नसतो. साब कंपनीनं १९८०च्या दशकात आपल्या गाड्यांत इंजिनाचे ठोके ऐकून आपोआप दाब उतरवणारी योजना केली होती. बाजारातल्या साध्या कंट्रोलरला असे कान नसतात. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं, तर पिस्टनला भोक पडतं, आणि भाच्याची चार वर्षांची शिल्लक त्या भोकातून जाते.

म्हणून मी निकाल दिला. आधी पेट्रोलचा पंप, इंजेक्टर आणि गाडीचा कॉम्प्युटर यांची जाणत्या माणसाकडून जुळणी, कंट्रोलर त्यानंतर. तिघांपैकी पहिल्याची जाहिरात सर्वांत जास्त दाबाची होती. दुसऱ्याचा पडदा सात रंगांत उजळत होता. तिसऱ्याबद्दल भाचा फारसं बोलत नव्हता, म्हणून मी खोदून विचारलं, "दाब हाताबाहेर गेला तर?"

"तर तो ओरडतो आणि दार सोडून देतो."

"आणि तार तुटली तर?"

"तर खोटं बोलणं बंद. स्प्रिंगच्या दाबावर गाडी चालते."

"मग हाच घे," मी म्हटलं. जोर काय, कुणीही देतो. पुरे म्हणणारा मिळणं कठीण.

आता ताईकडे रदबदली करायची होती. मी तिला पंखे, दार, कारकून सगळं समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"कमी दाबाचं बटण वेगळं असतं ना?"

"असतं."

"मग त्याला सांग, जास्तीचं बटण मला इथे पाठवून दे. लागलं तर मागून घे म्हणावं."