बॉनेटखालची जागा

माजी विद्यार्थ्यांनी आपल्या सध्याच्या उद्योगाविषयी लिहावे, असे संपादक मंडळाने कळविले. नोकऱ्यांविषयी सांगण्याजोगे थोडेच. म्हणून एकाच वसतिगृहात वाढलेल्या आम्ही तिघांनी गेल्या हिवाळ्यात कॉव्हेंट्री येथे केलेला एक उपद्व्याप कळवितो.

गाडी माझदा एमएक्स-५; पहिल्या पिढीची, १.६ लिटर इंजिनाची, दोन आसनांची. तिला आम्हांला सुपरचार्जर बसवायचा होता. हे यंत्र क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने फिरते आणि इंजिनात अधिक हवा कोंबते. जागा मात्र वसतिगृहातील खाटेखालच्या जागेसारखी: तिसरी पेटी सरकवायची, तर आधीच्या दोन्ही बाहेर काढाव्या लागत!

आमचा संच एक्झॉस्टच्या बाजूला बसणारा होता. खाली तापणाऱ्या नळ्या, वर बॉनेट. एका बोल्टला पाना जेमतेम अष्टमांश फेरा फिरे. तो एकच बोल्ट आवळण्यात एक दुपार सरली. बॉनेट मिटेल की नाही, हे पाहण्यासाठी वहिनींकडून कणकेचे गोळे मागून घेतले. ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून यंत्राच्या माथ्यावर ठेवले, बॉनेट मिटून पुन्हा उघडले आणि दबलेल्या कणकेची जाडी मोजली: ९ मिलिमीटर. पण इंजिन रबरी आधारांवर बसलेले असते, वेग घेताना ते एका कुशीला झुकते. म्हणून खचलेले जुने आधारही बदलले.

खरा वाद पुढे झाला. हवा वाढली की त्या प्रमाणात पेट्रोलही वाढावे लागते. या इंजिनात येणारी हवा एका झडपेने मोजली जाते. झडप पूर्ण उघडल्यावर त्यापुढची वाढ तिला कळतच नाही. पेट्रोल कमी पडले, तर मिश्रण भलत्या क्षणी पेटते आणि पिस्टनला भोक पडू शकते. म्हणून हवेच्या दाबाबरोबर पेट्रोलचाही दाब वाढविणारा नियंत्रक आम्ही जोडला. गाडी ज्याची, त्याला मात्र लहान पुली लावून सुपरचार्जर आणखी वेगाने फिरवायचा होता. इंजिन मुळात अशा दाबासाठी घडविलेलेच नव्हते. त्याचे संपीडन गुणोत्तर ९.४. शिवाय याच गाडीने तो रात्रपाळीला जातो, आणि घरात दुसरी गाडी नाही. दोन आठवडे तो आमच्याशी तुटक बोलत होता. अखेर मोठीच पुली राहिली.

मार्चमध्ये गाडी रस्त्यावर आली. विमा कंपनीला हा बदल कळविला, तसा हप्ता वाढला. त्याचे खापरही आमच्याच माथी. लहान पुली अजून त्याच्या कपाटात आहे. जेवायला गेलो की तो ती फडक्याने पुसून टेबलावर ठेवतो, आणि आम्ही वहिनींकडे आणखी एक भाकरी मागतो.