पुरात मेलेलं जनावर कोण उचलणार?

दरवर्षी पूर येतो. टीव्हीवर बोटी दिसतात, हेलिकॉप्टर दिसतं, खिचडीची पाकिटं वाटणारे नेते दिसतात. पाणी ओसरलं की कॅमेरे परत जातात. गावात चिखल राहतो आणि त्या चिखलात फुगलेली जनावरं राहतात. ती कोण उचलणार, हा प्रश्न कुठल्याच चॅनेलवर विचारला जात नाही. कारण गावाला त्याचं उत्तर शेकडो वर्षांपासून पाठ आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, वारणा आणि पंचगंगेला महापूर आला तेव्हा आम्ही काही कार्यकर्ते सांगली-कोल्हापूरच्या पूरपट्ट्यात मदतीला गेलो. सोबत धान्य, कपडे आणि चटया होत्या. एका शाळेतल्या छावणीत एका आजींनी आम्हाला थांबवलं. म्हणाल्या, "बाळांनो, आमच्या पोटाची सोय झाली. ह्या मुक्या जिवांकडं कोण बघणार?" शाळेच्या भिंतीला पाच शेळ्या बांधल्या होत्या. तीन दिवस पावसात उभ्या. दोघींच्या नाकातून पाणी गळत होतं, एकीची खुरं सडायला लागली होती. छावणीत जनावरांना जागा नव्हती. बागायतदारांची म्हसरं पै-पाहुण्यांच्या गोठ्यात, उंचावरच्या गावांत आधीच पोचली होती. ज्यांना गोठाच नाही, त्यांच्या शेळ्या रस्त्यावर होत्या.

त्या दिवसापासून आम्ही पुराच्या कामात पशुवैद्यकीय मदत जोडली. २०२१ च्या पुरातही तेच केलं. चळवळीतल्या काही मित्रांना ते खटकलं. त्यांचं म्हणणं, "गायी-गुरांचं राजकारण कोणाचं आहे हे माहीत असून तुम्ही हे काय काढलंत? आंबेडकरी कार्यकर्त्याचं काम माणसाच्या हक्काचं." आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो.

पहिली गोष्ट, शेळी हा आमच्यासाठी पावित्र्याचा विषय नाही. तो भूमिहीन बाईच्या संसाराचा विषय आहे. ज्याच्याकडे सातबारा आहे त्याला सोसायटी कर्ज देते, कारखाना उचल देतो. वस्तीतल्या बाईला कोणीच काही देत नाही. पोरीची फी भरायची, दवाखाना करायचा, तर शेळी विकायची. म्हणजे शेळी हीच तिची बँक. महापुरात ती बँक बुडते आणि मग सावकाराचा दरवाजा उघडतो. ज्याला हा मानवी हक्काचा प्रश्न वाटत नाही, त्याने वस्तीतला हिशोब एकदा बसून ऐकावा.

सरकारचा हिशोबही ऐका. आपत्ती निधीच्या निकषांनुसार २०१९ मध्ये मेलेल्या गायी-म्हशीला ३०,००० रुपये आणि शेळीला ३,००० रुपये मिळत होते. २०२२ पासून हे आकडे ३७,५०० आणि ४,००० झाले. चार हजारात गाभण शेळी कोणत्या बाजारात मिळते, ते आम्हाला दाखवा. आणि हे चार हजार मिळायला पंचनामा लागतो. पंचनाम्याला मेलेलं जनावर लागतं. म्हैस दाव्याला बांधलेली असते, ती गोठ्यात सापडते. शेळी वाहून जाते. वाहून गेलेल्या शेळीचा पंचनामा कशाचा करायचा? वर काही ठिकाणी आमच्या बायाबापड्यांना आधी सातबारा मागितला गेला. ज्यांच्या सात पिढ्यांच्या नावावर गुंठा नाही, त्यांनी सातबारा आणायचा कुठून?

दुसरी गोष्ट रोगाची. पुराच्या पाण्यात जनावर बुडून मरतं त्याची मोजणी तरी होते. पाणी ओसरल्यावर पंधरा-वीस दिवसांत जी मरतात, ती कोणाच्या यादीत येत नाहीत. घटसर्प येतो. घसा सुजतो, श्वास घरघरतो, दीड-दोन दिवसांत जनावर जातं. फऱ्या येतो. शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषार आणि पीपीआर गाठतो. भिजून बुरशी धरलेला कडबा खाऊन पोट बिघडतं. उपाशी जनावराला दया येऊन एकदम टोपलीभर धान्य घातलं, तर तेही मारक ठरतं. ओल्यात उभं राहून खुरं सडतात, जखमांत अळ्या पडतात. यातल्या घटसर्प, फऱ्या, आंत्रविषार आणि पीपीआरवर लस आहे. पण ती पावसाळ्याच्या आधी द्यावी लागते. आणि आम्ही फिरलो त्या गावांत लसीकरणाचं शिबिर भरायचं दूध संस्थेच्या अंगणात. जिच्याकडे दूध घालायला म्हैसच नाही, ती तिथे शेळ्या घेऊन जात नाही. तिला कोणी बोलावतही नाही.

आम्ही काय केलं, तेही साधंच आहे. पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेले आमचे दोन डॉक्टर मित्र सोबत घेतले. इंजेक्शन आणि औषध त्यांनीच दिलं. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ प्रमाणे तो अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे, आणि भोंदूगिरी माणसावर जितकी वाईट तितकीच जनावरावर. आम्ही बाकीची कामं केली. खुरं पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुतली, मोरचुदाच्या पाण्यातून जनावरं चालवली, कोरडा चारा आणला, पिण्याचं पाणी वेगळं ठेवलं. प्रत्येक घरातल्या जनावरांची वही केली. कोणाची किती होती, किती उरली, किती वाहून गेली, साक्षीला शेजारी कोण. प्रत्येकाच्या जनावरांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवले. पुढे पंचनाम्याच्या वेळी त्या वहीनेच काही घरांना पैसे मिळवून दिले. कागद नसलेल्या माणसाचा कागद आपणच तयार करायचा असतो.

आता तिसऱ्या आणि मुख्य गोष्टीकडे येतो.

एका गावात पाणी ओसरलं तसा दुसऱ्याच दिवशी वस्तीत निरोप आला. "चार-पाच जण पाठवा, म्हसरं ओढून टाकायची आहेत. पाचशे-पाचशे देऊ." निरोप आणणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. वस्तीतल्या पोरांनी नकार दिला. मग भाषा बदलली. "गावावर संकट आलंय आणि तुम्हाला मान-अपमान सुचतोय?" एक वयस्कर काका उठून उभे राहिले. म्हणाले, "संकट गावावर आलंय ना? मग गावानं उचलावं. आम्ही पण येतो, तुमची पोरं पण येऊ द्या." त्यावर कोणी काही बोललं नाही.

हे समजून घ्या. बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं विधेयक मांडलं. ढोर ओढण्याचं काम वतनाच्या साखळीने आपल्या बापजाद्यांच्या गळ्यात बांधलं होतं, ती साखळी त्यांना तोडायची होती. आणि जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना इथे काय झालं? मेलेल्या गायीचं कातडं सोलणाऱ्या दलित तरुणांना भर रस्त्यात मारलं. जिवंत गाय त्यांची माता आणि मेलेली गाय आमची जबाबदारी, असा हा धर्म आहे. त्यानंतर गुजरातच्या दलितांनी मेलेली जनावरं उचलायचं नाकारलं, आणि माता कोणाची हा प्रश्न साऱ्या देशासमोर पडला.

आज कायदा आपल्या बाजूने आहे, पण तो वस्तीत माहीत नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ ला दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. कलम ३(१)(आय) प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मेलेली जनावरं उचलायला किंवा वाहायला लावणं हा गुन्हा आहे. त्या गावात आम्ही हे कलम मोठ्याने वाचून दाखवलं. संध्याकाळपर्यंत जेसीबी आला. विहिरींपासून लांब खोल खड्डा काढला, चुना टाकला आणि जनावरं पुरली. जे काम हाताने होणारच, असं सकाळी सगळे धरून चालले होते, ते संध्याकाळी मशीनने झालं. जेसीबी त्याच तालुक्यात होता, फक्त आमची माणसं त्याच्यापेक्षा स्वस्त होती.

यात आरोग्याचाही प्रश्न आहे. उघड्या हाताने, चिरलेल्या टाचांनी पुराच्या चिखलात कुजलेलं जनावर ओढणाऱ्याला लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. जनावर काळपुळीने मेलं असेल तर त्याला हात लावणंच धोक्याचं. म्हणजे पाचशे रुपयांत इज्जत जाते आणि जीवही जाऊ शकतो.

मित्रांनो, तथागतांनी कूटदन्त नावाच्या ब्राह्मणाला उपदेश केला. त्याने यज्ञासाठी बांधलेली शेकडो जनावरं सोडून दिली. त्याच उपदेशात महाविजित राजाची गोष्ट आहे. राजाला सांगितलं जातं की शेती आणि पशुपालन करणाऱ्यांना बी-बियाणं आणि चारा दे, राज्यात आपोआप शांतता नांदेल. करुणा ही अशी असते. तिच्यात जनावरही येतं आणि ते पाळणारा माणूसही. जी करुणा गायीसाठी रडते आणि ढोर ओढणाऱ्याला पाटीखालून निरोप पाठवते, ती आपली नाही.

म्हणून पुढच्या पावसाळ्याआधी प्रत्येक शाखेने ही कामं हातात घ्यावीत:

१. मे महिन्यातच पशुधन विकास अधिकाऱ्याला लेखी अर्ज देऊन लसीकरणाचं शिबिर वस्तीत, समाजमंदिरासमोर मागावं. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर भिंतीवर लिहावा.

२. वस्तीतल्या शेळ्या-कोंबड्यांसह सगळ्या जनावरांची वही फोटोसकट तयार ठेवावी.

३. वाहून गेलेल्या जनावरांचा पंचनामा शेजाऱ्यांच्या साक्षीवर व्हावा आणि शेळीची मदत बाजारभावाशी जोडावी, ही मागणी तहसीलदारापासून आमदारापर्यंत लावून धरावी.

४. छावणीत जनावरांसाठी वेगळी, छपराची जागा ग्रामपंचायतीच्या आराखड्यात लिहून घ्यावी.

५. मेलेल्या जनावरांसाठी जेसीबी आणि चुन्याची तरतूद ग्रामसभेत ठराव करून घ्यावी. ठरावाची प्रत आपल्याजवळ ठेवावी.

६. आपल्या हुशार पोरा-पोरींना पशुवैद्यकीय शिक्षणाची वाट दाखवावी. नागपूर, परळ, शिरवळ, परभणी, उदगीर इथे महाविद्यालयं आहेत, आरक्षणाच्या जागा आहेत. ज्यांच्या आज्याने मेलेलं ढोर ओढलं, त्यांच्या नातीने जिवंत जनावर वाचवावं. दोन पिढ्यांत एवढं अंतर कापता येतं, हे बाबासाहेबांच्या संविधानाने दाखवून दिलंय.

पूर पुन्हा येणार आहे. तेव्हा गावाने निरोप पाठवायच्या आधी आपला अर्ज कचेरीत पडलेला असला पाहिजे.

जय भीम!