‘टक्’ आवाजाचा हिशेब

अकरावीच्या वर्गात संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम फळ्यावर लिहिला की एखादं पोर हमखास विचारतं, “मॅडम, पण शेवटी सगळंच थांबतं ना? मग मोमेंटम टिकला कुठे?” बाह्य बल नसेल तरच टिकतो, हे ठरलेलं उत्तर. त्यावर पोरांचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. उदाहरणांतले ते गुळगुळीत पृष्ठभागावरचे दोन गोळे माझेही कधी लाडके नव्हते.

यंदा जिमखान्यातला कॅरम बोर्डच प्रयोगशाळेत आणला. स्ट्रायकर तराजूवर 15 ग्रॅम भरला. नियमाने याहून जड चालतच नाही. सोंगट्यांतली 5 ग्रॅमची निवडून घेतली. बोर्डाला पावडर मारली, मोजपट्टी चिकटवली आणि एकाचा मोबाइल वरून स्टँडला बांधून स्लो मोशन लावलं, सेकंदाला 240 फ्रेम. नेम धरायला वर्गातली क्लबात खेळणारी मुलगी. माझ्या बोटाचं स्ट्रायकर ऐकत नाही.

एका सरळ शॉटचे आकडे असे आले : स्ट्रायकर सेकंदाला 2 मीटर वेगाने आला आणि टक्कर होऊन 1.1 मीटरने पुढेच चालला, सोंगटी 2.7 मीटरने सुटली. आधीचा संवेग 15 गुणिले 2, म्हणजे 30. नंतर स्ट्रायकरचा 16.5 आणि सोंगटीचा 13.5. बेरीज तीच. इतकं चोख जमणं नशिबाचं, बाकीचे शॉट थोडे इकडेतिकडे झाले. गतिज ऊर्जेत मात्र सुमारे 9 टक्के तूट होती. ‘टक्’ आवाजात थोडी, उरलेली बहुतेक उष्णतेत.

सगळं थांबवणारं घर्षण हे बाह्य बलच, मग टकरीत ते आड का येत नाही? याचं उत्तर खरं तर एका न दिसलेल्या गोष्टीत होतं. पोरं फ्रेम पुढेमागे करत होती, पण दोघं एकमेकांना चिकटलेली फ्रेम सापडेना. एकीत स्ट्रायकर अजून पोचायचाय, पुढचीत सोंगटी सुटलेली. म्हणजे टक्कर सेकंदाच्या 240व्या भागाच्या आत उरकली. तेवढ्या वेळात सोंगटीला तो संवेग द्यायचा तर सरासरी बल निदान सव्वातीन न्यूटन हवं, तिच्या वजनाच्या साठपटीहून जास्त. पावडर मारलेल्या बोर्डाचं घर्षण वजनाच्या लहानशा भागाइतकंच. टकरीपुरतं ते हिशेबातच येत नाही. सोंगटीला थांबवतं ते नंतर, आणि तेव्हा संवेग बोर्डामार्फत टेबलात, जमिनीत जातो. पोरांनी हे स्वतः गुणाकार करून काढलं, मी खडूला हात लावला नाही.

“म्हणूनच सरळ शॉटला मागोमाग स्ट्रायकरपण पॉकेटमध्ये जातो!” क्लबातली म्हणाली. फाउल का होतो हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. कट मारला तर? तिप्पट जड स्ट्रायकर मोकळ्या सोंगटीवर आपटून फार तर साडेएकोणीस अंश वळतो, मागे तर फिरतच नाही, असं मी मांडून दाखवलं.

“मॅडम, माझा येतो की परत,” मागच्या बाकावरून एकजण. त्याला बोर्डावर बोलावलं. खरंच आला. व्हिडिओ लावला तर सोंगटी बोर्डाच्या कडेला टेकलेली. “मग ती मोकळी कुठेय? तिच्यामागे अख्खा बोर्ड आहे,” क्लबातलीने त्याला सुनावलं आणि सोंगटी दोन बोटं पुढे सरकवून ठेवली. “आता मार.”