शंभरातल्या आठ जणी

मावशीला गर्भाशयमुखाचा कॅन्सर, स्टेज थ्री बी. ऑपरेशन होणार नाही हे ऐकल्यावर ती म्हणाली, "म्हणजे हात टेकले ना त्यांनी?" चाकणच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये ती ठेकेदाराकडे चपात्या लाटते. तिच्या लेखी ऑपरेशन म्हणजेच इलाज.

तिला समजावण्याआधी मला स्वतःला समजून घ्यावं लागलं. या स्टेजला गाठ सहसा ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पसरलेली असते. कापून ती पुरती निघत नाही. म्हणून रेडिएशन आणि केमो एकत्र. पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार बाहेरून शेक. त्यातच आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिनचं सलाइन. शेवटी आतून रेडिएशन, म्हणजे ब्रॅकीथेरपी. शेक कॅन्सरच्या पेशींचा डीएनए तोडतो, आणि सिस्प्लॅटिन त्यांना तो दुरुस्त करू देत नाही.

मळमळ सुरू झाली तशी ती म्हणायला लागली, "नुसता शेकच घेते की."

नेमक्या याच प्रश्नावर मुंबईच्या टाटा मेमोरियलनं २००३ ते २०११ या काळात थ्री बीच्याच ८५० बायका अभ्यासात घेतल्या. एका गटाला नुसतं रेडिएशन, दुसऱ्याला सोबत सिस्प्लॅटिन. निकाल २०१८ मध्ये छापून आला. पाच वर्षांनी पहिल्या गटात शंभरातल्या ४६ जणी हयात होत्या, दुसऱ्यात ५४. हे सांगितल्यावर मावशी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आठ म्हणजे आमच्या कँटीनच्या सगळ्या बाया."

सलाइन चालू राहिलं.

दुसरी अट वेळेची. सगळं मिळून आठ आठवड्यांत संपायला हवं. लांबलं की गुण कमी. चाकणहून मोशी, भोसरी करत रोज जायचं. मी सेकंड शिफ्ट मागून घेतली, शुक्रवार काकांनी धरला. जन आरोग्य योजनेत उपचार बसले. बुडालेली मजुरी त्यात बसत नाही.

बावन्नाव्या दिवशी शेवटची ब्रॅकीथेरपी झाली. तीन महिन्यांनी तपासणीत गाठ दिसली नाही. पाच वर्षं मात्र अजून लांब आहेत.

पाळी जाऊन चार वर्षं झाल्यावर तिला पुन्हा अंगावर जायला लागलं होतं. तिनं आठ महिने कुणाला सांगितलं नाही. दवाखाना म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे पैसे कापणार. आता कँटीनमध्ये ती हे सगळ्यांना मोठ्यानं सांगते. मागच्या गुरुवारी दोघी जणी तपासून आल्या. दोघींचाही खाडा लागला.