गाठीची रिबीन

होळी जवळ आली की आमच्या बालाघाटच्या बाजारात दुकानांपुढे गाठ्या लटकायला लागतात. पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या. पुण्या-मुंबईकडच्या मंडळींना गाठी म्हटली की गुढीपाडवा आठवतो. आमच्याकडे, म्हणजे नागपूर, भंडारा, गोंदियापासून इकडे वैनगंगेच्या काठापर्यंत, गाठी आधी होळीची आणि मग पाडव्याची. होळीला लहान लेकरांच्या गळ्यात साखरेची गाठी घालायची. बाळाची पहिली होळी असली तर ती गाठी साधी चालत नाही, सजवलेली लागते.

1956 साली राज्यं नव्याने आखली गेली. भंडारा तिकडे मुंबई राज्यात गेला, बालाघाट इकडे मध्यप्रदेशात राहिला. आमच्या घरात मात्र काही बदललं नाही. शाळा हिंदीत, भांडण हिंदीत, जेवण आणि सणवार मराठीत. हिंदी शेजारी गाठीला 'माला' म्हणत आणि आमच्याच पोरांबरोबर त्यांची पोरंही ती कडाकडा चावून खात.

माझे बाबा भरवेलीच्या मँगनीज खाणीत होते. पगार बेताचा. सजवलेली गाठी गोंदियाच्या बाजारात छान मिळायची, छोट्या लाईनच्या गाडीने जाऊन लोक घेऊन यायचे. रंगीत रिबिनी, चमकी, खोबऱ्याचे काप, मध्ये एखादं खेळणं. बाबा आणायचे ती साधी, पांढरी. मग आई दुपारी माझ्या वेण्यांच्या लाल रिबिनी धुवायची, पितळी तांब्यात निखारे घालून त्यांना इस्त्री करायची आणि आम्हा भावंडांच्या गाठ्या सजवायला बसायची. मला त्याची लाज वाटायची. शेजारच्या पोरीच्या गाठीला सोनेरी किनारीची रिबीन आणि माझ्या गाठीला माझीच शाळेची! होळी झाली की तीच रिबीन पुन्हा धुऊन वेणीत. एकदा मी चिडून गाठी काढून फेकली होती. आई काही बोलली नाही. तुकडे वेचून डब्यात भरले आणि आठवडाभर चहात घातले.

आईचा हात मात्र असा होता की विचारू नका. गाठी म्हणजे शेवटी काय, साखरेचा पाक. लाकडाच्या साच्यात दोरा टाकून त्यात पाक ओततात, थंड झाला की साचा उघडतात. जोरात हात लागला की तुटते, ओल लागली की पाझरते. आईने शिकवलेलं सांगते, कोणाला उपयोगी पडेल. रिबिनीची गाठ चकतीवर मारायची नाही, दोन चकत्यांच्या मधल्या दोऱ्यावर मारायची, नाहीतर चकती तडकते. कच्च्या रंगाची रिबीन घ्यायची नाही, सगळी साखर लाल होते. मानेजवळ दोरा बाळाला टोचतो, म्हणून तेवढ्या भागावर रिबीन गुंडाळत न्यायची. मोठं फूल खाली पदकापाशी एकच, बाजूला छोटी. आणि रिबिनीची टोकं दिव्याच्या ज्योतीजवळ नुसती दाखवायची, म्हणजे धागे सुटत नाहीत.

1989 मध्ये बाबा गेले. 1991 ला माझ्या मुलाची पहिली होळी होती. नातवाची गाठी आजोळहून यायची, म्हणून मी बाळाला घेऊन माहेरीच आले होते. आईने चार दिवस आधीपासून तयारी चालवली होती. या वेळी रिबीन नवी होती, लाल साटीनची, अर्ध्या इंचाची. स्वतःच्या पैशाने आणलेली. खोबऱ्याचे काप, खारका, मध्ये एक छोटा खुळखुळा. मी आयुष्यात पाहिलेली सगळ्यात सुंदर गाठी.

घालायची वेळ आली तेव्हा बाळ पाटावर, माझ्या मांडीत. शेजारच्या बायका जमलेल्या. आईने गाठीचं ताट आणलं आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. पलीकडच्या काकूंना म्हणाली, "तुम्ही घाला. माझा हात नको."

काकूंनी ताट घेतलं. गाठी घातली. सगळ्या हसल्या, बाळही हसलं. आई दारातून पाहत होती. पदर तोंडाला लावलेला, त्यामुळे ती हसत होती की काय, मला दिसलं नाही.

मी एम.ए. झालेली बाई. शाळेत शिकवत होते. "आई, तूच घाल" एवढे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. वाटलं, सगळ्यांसमोर कशाला, सासरचे काय म्हणतील. नंतर आईपाशी हा विषय कधी काढला नाही आणि मग आई गेली. ती रिबीन तेवढी मी सोडवून पेटीत ठेवली होती.

आता पुढचं सांगते, खरं तर तेवढ्यासाठीच लिहायला बसले.

2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाची बातमी आली होती, आठवत असेल. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करायचा ठराव तिथल्या ग्रामसभेने केला. नंतर महाराष्ट्र सरकारनेही तसं परिपत्रक काढलं. आमच्या घरी यांनी ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली होती. मी पोळ्या करत होते. हे म्हणाले, "ऐकलं का? एका गावाला जमलं." मी म्हटलं, "हो, तिकडे जमलं. तो महाराष्ट्र आहे." विषय तिथेच संपला.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी हे गेले. चार दिवसांचा ताप, आणि गेले.

2023 च्या मार्चमध्ये होळी. नात आठ महिन्यांची, तिची पहिलीच. वर्ष उलटलं नव्हतं, म्हणून आमच्याकडे सण नव्हता. इकडे पद्धत अशी की घरात गमी झाली असली तर पहिल्या होळीला शेजारी येऊन गुलालाचा टिळा लावून जातात. तेवढंच होईल असं मी धरून चालले होते. पण मुलगा पुण्याहून सगळ्यांना घेऊन आला आणि सूनबाईने पिशवीतून एक साधी पांढरी गाठी काढून माझ्यापुढे ठेवली. ती जबलपूरची, घरी हिंदी बोलणारी. म्हणाली, "आई, हे सांगतात की तुमच्या घरी रिबीन लावतात. मला शिकवा ना."

मी पेटी उघडली. रिबीन निघाली. बत्तीस वर्षांत रंग थोडा विटला होता, पण एक धागा सुटलेला नव्हता. आईने टोकं ज्योतीला दाखवली होती ना. आम्ही दोघी दुपारभर बसलो. तिने पहिली गाठ चकतीवरच मारली आणि चकती तडकली. मला हसू आलं. हे गेल्यावर मी पहिल्यांदा हसले असेन.

संध्याकाळी काकू आल्या, त्याच. ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत. गुलालाचा टिळा लावला माझ्या कपाळाला. मी ताट आणलं आणि, खोटं कशाला सांगू, माझे पाय आपोआप स्वयंपाकघराच्या दारात थांबले. तोंडातून निघालं, "काकू, तुम्ही घाला."

काकूंनी ताटाकडे पाहिलं. रिबीन ओळखली की काय कोण जाणे. म्हणाल्या, "काहून? मी कोण लागते? काका जाऊन मलेही सात वर्षं झाली. आता सवाशीण पाहायला गोंदियाले जातं का तू?"

कोणाला काही बोलायचं सुचेना. मग त्याच हळू आवाजात म्हणाल्या, "त्या वक्ती तुझ्या मायच्या हातातून मी ताट घेतलं. नाही म्हणता आलं असतं मले. तिनं चार दिवस बसून केली होती ते मले माहीत होतं. पोरी, ते ताट अजून हातात आहे माझ्या. तू मले आणखी एक देऊ नको."

मी पाटापाशी गेले. नातीच्या गळ्यात गाठी मी घातली. हात थरथरत होते, एक खोबऱ्याचा काप गळून पडला आणि तिने तो उचलून तोंडात घातला. फोटो झाल्यावर सूनबाईने गाठी काढून घेतली, कारण लेकराच्या गळ्यात दोरा फार वेळ ठेवू नये.

नात आता शाळेत जाते. त्या रात्री काही विशेष घडलं नाही. कोणाच्या घरावर संकट आलं नाही, आभाळ कोसळलं नाही. मला फक्त आई त्या दारात दिसत राहिली. बत्तीस वर्षांपूर्वी कोणीतरी तिला आत बोलवायला हवं होतं, आणि ते कोणीतरी मी होते.

रिबीन धुऊन, इस्त्री करून पुन्हा पेटीत ठेवली आहे. सूनबाईला जागा दाखवून ठेवली आहे.

तुमच्याकडे पहिल्या होळीची गाठी कोण सजवायचं? आणि घालायचं कोण? जमलं तर दोन्ही सांगा.