प्रत्येकी दोन टक्के

प्रिय सुमे,

एस अँड पी ५०० चा नेहमीचा फंड घ्यावा की इक्वल वेट, हा तुझा प्रश्न. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.

नेहमीच्या निर्देशांकात कंपनीचं बाजारमूल्य जेवढं, तेवढा तिचा वाटा. इक्वल वेटमध्ये पाचशेतल्या प्रत्येकीला ०.२ टक्के, आमच्या निफ्टीतल्या पन्नासांत प्रत्येकी दोन. सोसायटीत मेंटेनन्स चौरस फुटावर की दर फ्लॅटला सारखा, यावरून जुंपते ना, तसंच.

सारखे वाटे म्हणजे कुणाचीच बाजू न घेणं, असं तू म्हणतेस. मला नाही पटत. भाव हलले की वाटे बिघडतात, मग दर तीन महिन्यांनी ते पुन्हा सारखे करायचे. म्हणजे चढलेली थोडी विकायची आणि पडलेली आणखी घ्यायची. हा चक्क डाव झाला! २०२२ मध्ये तो फळला: नेहमीचा निर्देशांक सुमारे १८ टक्के पडला, इक्वल वेट साडेअकराच. २०२३ मध्ये एनव्हिडिया, मायक्रोसॉफ्ट उधळल्या आणि नेहमीच्याने २६ टक्के दिले, इक्वल वेटने जेमतेम १४. त्या वर्षी तू माझं डोकं खाल्लं असतंस.

आमची येस बँक आठवते? भाव कोसळत गेला तसा नेहमीच्या निफ्टीतला तिचा वाटा आपोआप आटला; मार्च २०२० मध्ये तिला बाहेर काढलं तेव्हा फारसं काही उरलंच नव्हतं. इक्वल वेटवाले मात्र दर तिमाहीला पदरचे पैसे घालून तिला परत दोन टक्क्यांवर आणणार.

आणि गंमत म्हणजे पहिला इंडेक्स फंड सारख्या वाट्यांचाच होता. १९७१ मध्ये वेल्स फार्गोने सॅमसोनाइटच्या (हो, बॅगावालेच) पेन्शनचे साठ लाख डॉलर न्यूयॉर्क शेअर बाजारातल्या सुमारे दीड हजार कंपन्यांत सारखे वाटले. ते वाटे सांभाळता सांभाळता दलालीने जीव मेटाकुटीला आला आणि १९७६ मध्ये त्यांनी मुकाट्याने एस अँड पी ५०० धरला. आता दलाली नगण्य, म्हणून २००३ पासून तुमच्याकडे अमेरिकेत इक्वल वेट ईटीएफ सुखाने चाललाय.

नेहमीच्या निफ्टीत पहिल्या दहा कंपन्याच निम्म्याहून जास्त जागा अडवतात, हे मलाही खुपतं. तरी माझा मुख्य पैसा तिथेच आहे. तुला हौस असेल तर थोडा इक्वल वेटमध्ये घाल, पण दहा वर्षं त्याकडे बघणार नसशील तरच.

आधी तुझ्या ४०१-के निवृत्ती योजनेच्या यादीत तो फंड आहे का ते बघ. नसेल तर एवढं लिहिलं ते फुकटच गेलं!

तुझी,
मंदा